खुर्चीएवढी जागा

गादीवाल्याला माणसाचं तोंड बघायची फारशी गरज पडत नसे. बैठक बघितली की त्याचं काम भागायचं. सोफा दुरुस्तीला आला की तो आधी त्यावरून तळहात फिरवायचा आणि मग मालकाला सांगायचा, तुमच्याकडे एक जण जेवण झाल्याबरोबर डाव्या कुशीवर घोरतो, एक जण रुसला की इथे कडेला येऊन बसतो, आणि सासूबाई गावाला गेल्यात त्याला बरेच दिवस झाले. एकदा एका आरामखुर्चीचा खळगा चाचपून त्याने हळूच विचारलं, साहेब, नोकरी कधी सुटली? साहेबांनी ती गोष्ट बायकोला अजून सांगितलेली नव्हती, आणि बायको शेजारीच उभी होती. तेव्हापासून लोक सोफे पाठवायचे, स्वतः यायचे नाहीत.

तर अशा या माणसाने जन्मभर गावाची बसायची सोय केली आणि आता म्हातारपणी त्याला फक्त एक गोष्ट हवी होती. पाण्यात बांधलेल्या नव्या धक्क्याच्या अगदी टोकाला, उजव्या कोपऱ्यात, एका खुर्चीएवढी रिकामी जागा. तिथे कुंडी नको, दिव्याचा खांब नको, पुतळा तर नकोच नको. आणि नगरपालिकेने नेमका तिथेच एक बाक आणून ठेवला होता. बाकाच्या पाठीवर ठळक अक्षरांत जे नाव कोरलं होतं, ते त्याच्या बायकोचं होतं.

ते नाव वाचून निम्म्या गावाला कळेना, की या कोण. गाव तिला रॅम्पबाई म्हणायचं. नव्या पोस्टमनला तर ते आडनावच वाटलं होतं.

तरुणपणी एका तापाने तिचे पाय नेले आणि चाकांची खुर्ची दिली. त्या खुर्चीला गादी करून घ्यायला ती पहिल्यांदा दुकानात आली. दुकानाला पायरी नव्हती, हे गादीवाल्याचं नशीब. पायरी असती तर ती समोरच्या दुकानात गेली असती, आणि समोरचा गादीवालाही बिनलग्नाचा होता. गादी करून दिली, तर आठवड्याने तक्रार आली, डावीकडे बसते. डावीकडे कापूस भरला, तर उजवीकडे बसायला लागली. मग म्हणे टोचते, मग म्हणे उबते. गादीवाल्याने ती गादी इतक्या वेळा उसवली की अभ्रा जाळीसारखा झाला. ज्याला परक्याच्या सोफ्यावरून घरातली भांडणं कळायची, त्याला गादीत काहीच दोष नाही हे कळायला अख्खा हिवाळा लागला. लग्नानंतरही ती त्याला ‘गादीवाले’ असंच हाक मारायची, आणि तो तिला ‘बाईसाहेब’.

बाईसाहेबांची भांडायची रीत वेगळी होती. आवाज चढवायचा नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. जिथे पायरी आडवी आली तिथे खुर्ची लावायची आणि आतल्या माणसाला गोड बोलून बाहेर बोलवायचं. पोस्टाच्या पायऱ्यांशी ती रोज जाऊन बसायची. पोस्टमास्तर आधी तिकिटं घेऊन खाली यायचे, मग शिक्के घेऊन, मग कंटाळून त्यांनी टेबलच रस्त्यावर मांडलं. उन्हात बसून मास्तर असे काही रापले की त्यांच्या सौभाग्यवतींनी एक दिवस त्यांना दारातून परत पाठवलं, साहेब घरी नाहीत म्हणून. दुसऱ्या दिवशी पोस्टाला रॅम्प झाला. नाट्यगृहात तर तिने रीतसर तिकीट काढलं आणि दाराबाहेर बसून द्वारपालाला म्हणाली, मला आत येता येत नाही, तर आत काय चाललंय ते तुम्हीच येऊन सांगत जा. द्वारपाल एक प्रवेश बघायचा आणि बाहेर येऊन सांगायचा. तो हळूहळू इतका रंगात आला की आतले प्रेक्षक उठून बाहेर ऐकायला यायला लागले. शेवटच्या अंकाला नट आत एकटे उरले. त्या नाटक कंपनीच्या मॅनेजरने स्वतःच्या हाताने फळ्या ठोकून रॅम्प केला आणि द्वारपालाला हाकलून दिलं.

सगळं गाव असं एकेक करून सपाट होत गेलं. राहिलं ते पाणी.

पाण्याकडे जायला एकच वाट होती, दगडी पायऱ्यांची. शेवाळलेल्या, उभ्या, इतक्या की खेकडेसुद्धा अर्ध्यावर थांबून दम खायचे. लग्नानंतर कित्येक वर्षं गादीवाला तिला पाठुंगळी घेऊन त्या पायऱ्या उतरायचा. खाली गेलं की एका ओल्या दगडावर तिला बसवायचं, आपण शेजारी बसायचं, आणि अंधार व्हायच्या आत परत चढायचं. तिचे हात गळ्याभोवती, हनुवटी खांद्यावर, आणि कानाशी चाललेली बडबड. त्याच्या दृष्टीने आठवड्यातला तो सर्वांत चांगला तास होता. पायऱ्या आणखी असत्या तरी त्याची हरकत नव्हती.

एका संध्याकाळी वर चढताना ती म्हणाली, “गादीवाले, तुमच्या पाठीवरून पाणी दिसतं, नाही असं नाही. पण पाण्यापेक्षा तुमचा कानच जास्त दिसतो.”

त्याने हसण्यावारी नेलं. पण ती पुढे म्हणाली की तिला पाण्यापर्यंत एकटीने जायचंय, मनात येईल तेव्हा, कुणाची पाठ न मागता. गादीवाल्याला ते लागलं. वर आल्यावर तिला खुर्चीत ठेवताना त्याने विचारलं, की मग माझं काय काम?

“तुम्ही या की,” ती म्हणाली. “हमाल म्हणून नको. नवरा म्हणून या.”

पुढच्या गुरुवारपासून तिने पायऱ्यांच्या डोक्यावर खुर्ची लावली. नगरपालिकेतलं कुणी रस्त्याने जाताना दिसलं की हाक मारून विचारायची, आज पाणी कसं आहे हो, जरा बघून सांगता का? आता बाईमाणूस, त्यातून खुर्चीत बसलेली, नाही कसं म्हणणार. एक अध्यक्ष या पायऱ्या उतरून-चढून इतके बारीक झाले की त्यांच्या खुर्चीची गादी गादीवाल्याकडे आत घ्यायला आली. पण सगळ्यांत फेऱ्या झाल्या त्या एका नव्या नगरसेविकेच्या. पोरगी हुशार होती. खाली जाऊन वर आली आणि म्हणाली, आज करडं आहे. रॅम्पबाईंनी विचारलं, करडं म्हणजे कसलं करडं? राखेसारखं की कबुतरासारखं? ती पुन्हा खाली गेली. असं वर्ष दोन वर्षं चाललं, आणि त्याच नगरसेविकेने मग सभेत हट्ट धरून धक्का मंजूर करून घेतला. रस्त्यापासून हळूच उतरणारा, पायरी औषधालाही नसलेला, थेट पाण्यात घुसणारा धक्का.

अर्धा धक्का बांधून झाला तेव्हा कामगारांनी फळ्या टाकून तिला टोकापर्यंत जाऊ दिलं. गादीवाला मागे मागे चालत होता, हात खिशात घालून, कारण हात बाहेर असते तर ते खुर्चीला लागले असते. टोकाला पोचल्यावर तिने खुर्ची इकडे फिरवून पाहिली, तिकडे फिरवून पाहिली, आणि उजव्या कोपऱ्यात थांबवली. तिथून समोर नुसतं पाणी होतं.

“इथं मी,” ती म्हणाली. “आणि तुम्ही इथं, शेजारी.”

कठडे बसायच्या आधीच ती गेली. खोकल्याचं निमित्त झालं. धक्का पुरा झाला, त्याला तिचं नाव द्यायचं ठरलं, आणि गादीवाल्याला नगरसेविकेने मोठ्या कौतुकाने बाक दाखवायला नेलं.

बाक साधासुधा नव्हता. सिमेंटचा, घोटून काचेसारखा केलेला, आणि असा जड की होडीतून आणताना होडीच्या आजूबाजूचे मासे आपणहून सरकले, असं मासेवाले सांगत. गादीवाला त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, इथं कोणी खुर्ची घेऊन आलं तर ती कुठे लावायची?

नगरसेविकेच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा उतरला. ती ज्या बाईसाठी इतक्यांदा पायऱ्या चढली-उतरली, त्या बाईला बाकावर कुणी कधीच बघितलं नव्हतं. स्वतःची बसायची सोय ती बरोबर घेऊन फिरायची. तिच्याच धक्क्यावर, तिने निवडलेल्या कोपऱ्यात, तिच्याच नावाने तिची वाट अडवली होती, आणि फीत कापायला आठवडाही उरला नव्हता. तरी नगरसेविका म्हणाली की बाक हलवायचा तर तिथे दुसरं काय ठेवायचं ते सांगा. काही नाही ठेवायचं, गादीवाला म्हणाला. काही नाही हे सभेत कसं मांडणार, ती म्हणाली. कंत्राटदार काही नाहीचं बिल कसं लावणार, आणि अध्यक्ष काही नाहीचं उद्घाटन कसं करणार? शेवटी तिने खरं कारण सांगितलं. बाक नगरपालिकेने मनाने ठेवलेला नव्हता. तो अक्कांनी मागितला होता.

अक्का म्हणजे रॅम्पबाईंची थोरली बहीण. गादीवाल्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिने नगरसेविकेच्या मागे लागून जागा निवडली, नाव कोरून घेतलं, आणि मला बहिणीशेजारी बसायचंय एवढंच सांगितलं. नगरसेविका म्हणाली, अक्का हो म्हणाल्या तर मी दुसरीकडे बघत उभी राहीन. अजून बाक जमिनीला पक्का केलेला नाही. पण अक्कांना तुम्हीच सांगायचं.

हे ऐकल्यावर गादीवाल्याला एकदम वाटलं की पायऱ्या बऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अक्काला घेऊन धक्क्यावर गेला. तिच्या चालीने टोकापर्यंत पोचायला इतका वेळ लागला की एका बगळ्याने त्यांना दोनदा ओलांडलं. अक्का बाकावर बसली, काठी मांडीवर आडवी ठेवली, आणि त्याने तोंड उघडायच्या आत सुरुवात केली. जावईबापू, मला सगळं कळलंय, म्हणाली. जन्मभर परक्यांच्या बुडाखाली कापूस भरलात, आणि बायकोची बहीण एका बाकावर बसते तर तुमच्या पोटात दुखतं. गादीवाला ऐकून घेत राहिला. अक्काचं बोलणं संपायची वाट बघायची नसते, ती श्वास घेते तेवढ्यात शिरायचं असतं.

तिने श्वास घेतला तसं त्याने विचारलं, “इथं बसून काय करणार, अक्का?”

“तिच्याशी बोलणार.”

“ती कुठे असेल?”

अक्काने बाकावर आपल्या शेजारी हात ठेवला. “इथे. दुसरीकडे कुठे?”

“आणि खुर्ची? खुर्ची कुठे लावली तिने?”

अक्काने त्याच्याकडे बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.

“कोणती खुर्ची?” ती म्हणाली.

गादीवाला उभाच राहिला, आणि अक्का पाण्याकडे बघत बोलायला लागली. त्यांच्या लहानपणी घरासमोर एक लाकडी बाक होता. धाकटीचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत. ती ते सारखे हलवायची आणि अक्काच्या नडगीला लाथा बसायच्या. ओरडलं की पळून जायची. कुठेही जायचं असलं तरी चालत म्हणून कधी गेली नाही, पळतच गेली, आणि पोचली की तिथून ओरडायची, मी आले, मी आले, अक्का अजून तिथेच. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. अक्काला कुणी तिची आठवण काढली की तेच दिसायचं. खुर्ची नंतरची. खुर्ची आली तेव्हा अक्का लग्न होऊन दूर गेली होती, आणि परत आली तेव्हा बहीण खुर्चीत बसलेली एक मोठी बाई झाली होती, सगळ्या गावाची. अक्काची राहिली नव्हती.

“तुम्ही तिला पळताना बघितलंच नाहीत,” अक्का म्हणाली. तिने हे टोमणा म्हणून सांगितलं नाही.

“नाही.”

ते खरं होतं. तिच्या आयुष्याचा एवढा मोठा तुकडा त्याच्याकडे नव्हताच. इतक्या वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं. त्याने डोळे मिटून ती पळते आहे असं बघायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांपुढे चाकंच आली. मग त्याला वाटलं, आपल्याला जी हवी आहे ती आणि हिला जी हवी आहे ती, या दोघी कधी एकमेकींना भेटल्यासुद्धा नसतील.

“कशी पळायची?” त्याने विचारलं.

अक्का जराशी हसली. दोन्ही कोपरं बाहेर काढून, म्हणाली. कोंबडीसारखी. तिने बसल्या बसल्या कोपरं काढून दाखवली, आणि काठी खाली पडली. गादीवाला काठी उचलायला वाकला, आणि उठताना बाकावर अक्काच्या शेजारी बसला. सिमेंट थंडगार होतं. त्याने सवयीने तळहात फिरवून पाहिला. त्या बाकावर अजून कुणाचाच खळगा नव्हता.

एक होडी आली आणि गेली.

मग अक्का म्हणाली, “किती जागा लागते खुर्चीला?”

त्याने हातांनी दाखवलं.

“तेवढा सरकवा. दोघींना जागा होईल,” ती म्हणाली. “पण आधी मला उठवा, नाहीतर माझ्यासकट सरकवाल.”

बाक सरकवण्याची हकिगत पुढे गावात फार वाढली. कुणी सांगे दहा माणसं होती, कुणी सांगे वीस आणि एक बैल. खरं म्हणजे होड्या दुरुस्त करणारे होते, पहारी आणि लोखंडी पाइप घेऊन, आणि गादीवाल्याने दुकानातून नेलेल्या जुन्या गाद्यांच्या चिंध्या होत्या, घोटलेल्या सिमेंटला ओरखडा जाऊ नये म्हणून. अक्का काठीने हुकूम सोडत होती. नगरसेविका कबूल केल्याप्रमाणे पाठ फिरवून पक्षी बघत उभी राहिली. तिथे पक्षी नव्हते. तरी बाक जागेवर बसेपर्यंत तिने मान वळवली नाही, आणि वळवली तेव्हा म्हणाली की आधीपासून इथेच होता ना हा? मग ती त्या रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, थोडी वाकली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला आली, आणि बराच वेळ तशीच राहिली.

“कबुतरासारखं,” ती कुणालाच उद्देशून नाही, असं म्हणाली, आणि नाक पुसत निघून गेली.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. अध्यक्षांनी फीत कापली, भाषण केलं, आणि भाषणात नाव वाचताना अडखळले, तेव्हा मागून कुणी तरी रॅम्पबाई म्हणा, असं सांगितलं आणि सगळे हसले. गादीवाल्याने यातलं अर्धंच ऐकलं. तो कोपरा राखत होता. रिकामी जागा दिसली की माणसाला राहवत नाही. फोटोवाला तिथे आपली तिपाई लावायला आला, त्याला त्याने हलवलं. फुगेवाला आला, त्याला हलवलं. एका बाईने तिथे सामानाची पिशवी ठेवली, ती अक्काने काठीच्या टोकाने बाहेर ओढली. लोकांना वाटलं, अजून कुणी मोठा पाहुणा यायचा आहे, त्याच्यासाठी राखलंय. एका दोघांनी तर रस्त्याकडे माना उंच करून बघितलं. गादीवाल्याने कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. त्यालाही दिवसभर थोडं तसंच वाटत होतं.

ऊन उतरलं, गर्दी पांगली, धक्का मोकळा झाला. अक्का बाकावर बसून होती, ओठ हलत होते. बहिणीला बरंच सांगायचं साठलं असावं. कोपऱ्यात आता नुसतं पाणी आणि जागा. गादीवाला त्या जागेच्या शेजारी उभा राहिला, जिथे त्याला उभं राहायला सांगितलं होतं तिथे. जे मागितलं ते मिळालं होतं. खुर्चीएवढी जागा, बरोबर तेवढीच, आणि तिच्यात काही नाही. त्याने विचार केला होता की हे असं झालं की बरं वाटेल. ती जागा मात्र अशी रिकामी होती की तिच्याकडे बघवेना.

चाकांचा आवाज आला. त्याने लगेच मागे बघितलं नाही. आवाज जवळ आला, थांबला.

एक माणूस होता, चाळिशीतला, चाकांच्या खुर्चीत. मांडीवर गळ, इतका कोरा की दुकानातला कागद अजून चिकटलेला. गावाच्या त्या टोकाहून आला होता. लहानपणी या पायऱ्यांवर मासे पकडायचा, म्हणाला, नंतर गिरणीत अपघात झाला. तेव्हापासून पाणी लांबूनच. बोलता बोलता त्याची नजर कोपऱ्यावर गेली, आणि मग गादीवाल्यावर, आणि बाकावरच्या काठी सावरून बसलेल्या म्हातारीवर. काही तरी राखून ठेवलेलं आहे हे त्याला उमजलं असावं. त्याने चाकं आवरली.

“इथं कुणी यायचंय का?” त्याने विचारलं.

अक्काची काठी अर्धी वर आली होती. तिने गादीवाल्याकडे बघितलं.

गादीवाला वळला. धक्का सरळ रस्त्यापर्यंत गेला होता आणि त्याच्या शेवटी तो उतार होता, सपाट, स्वच्छ, उरलंसुरलं ऊन अंगावर घेऊन. वरून कुणीही सहज खाली आलं असतं. तो बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला, की तो माणूस संकोचून खुर्ची मागे वळवायला लागला.

“नाही,” गादीवाला म्हणाला. “या. अजून पुढे घ्या. पार कडेपर्यंत जातं चाक.”